व्हायवा संपल्यावर प्रोजेक्टचं काय होतं?

१९८३ साल म्हटलं की आपल्याला क्रिकेटचा विश्वचषक आठवतो. त्याच वर्षी महाराष्ट्रात आणखी तीन गोष्टी घडल्या. १ मे रोजी अमरावती विद्यापीठ स्थापन झालं आणि वऱ्हाडातली कॉलेजं नागपूरपासून वेगळी होऊन त्याच्या छत्राखाली आली. बुलढाणा जिल्ह्यात, शेगावला, संत गजानन महाराजांच्या नावाने इंजिनिअरिंग कॉलेज सुरू झालं. आणि तिकडे पुणे जिल्ह्यात, शिरूर तालुक्यातल्या पाबळ या कोरडवाहू गावात डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी ‘विज्ञान आश्रम’ काढला.

शेगावच्या कॉलेजमागे त्या काळचं वारं होतं. वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना सरकारने विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना परवानगी दिली आणि तालुक्याच्या गावातल्या पोरांना घराजवळ डिग्री मिळू लागली. पुढे चिखली, मलकापूर, बुलढाणा इथेही अशी कॉलेजं आली. आज जिल्ह्यात दरवर्षी शेवटच्या वर्षाचे कितीतरी ग्रुप प्रोजेक्ट करतात. चार जणांचा ग्रुप, एक गाइड, रिपोर्टचं बायंडिंग, बाहेरून आलेला परीक्षक, वीस मिनिटांचा व्हायवा. मग मॉडेल कपाटात आणि रिपोर्ट लायब्ररीत.

त्यातल्या बऱ्याच प्रोजेक्टचा विषय खरा असतो. मातीतला ओलावा मोजून पंप चालू-बंद करणारं यंत्र, सोयाबीनच्या पानावरचा रोग ओळखणारं ॲप, पाण्याची टाकी भरली की मोबाइलवर मेसेज. हे सगळं गावातलंच आहे. तरी ते गावात पोचत नाही. असं का होतं, आणि जिथे पोचलं तिथे काय वेगळं होतं, याचा महाराष्ट्रातला गेल्या चाळीस-पन्नास वर्षांचा इतिहास बघण्यासारखा आहे.

पाबळ: ज्याला गिऱ्हाईक आहे तो प्रोजेक्ट

कलबागांनी अमेरिकेत अन्नतंत्रज्ञानात पीएच.डी. केली होती आणि हिंदुस्तान लिव्हरच्या संशोधन विभागात अनेक वर्षं काढली होती. ती नोकरी सोडून ते पाबळला आले. त्यांच्याकडे येणारी मुलं बहुतेक शाळेत मागे पडलेली किंवा शाळा सुटलेली होती. त्यांना त्यांनी वेल्डिंग, सुतारकाम, शेती, वीज, आरोग्य शिकवायला घेतलं आणि एक अट ठेवली: शिकताना बनवाल ते गावाच्या उपयोगी पडलं पाहिजे आणि गावाने त्याचे पैसे मोजले पाहिजेत.

याचं सगळ्यात बोलकं उदाहरण म्हणजे जमिनीखालच्या पाण्याचा शोध. जमिनीत लोखंडी सळया ठोकून वीजप्रवाह सोडायचा आणि माती-खडक त्याला किती विरोध करतात ते मोजायचं. ओला, भेगाळलेला खडक कमी विरोध करतो, कोरडा कातळ जास्त. त्या आकड्यांवरून विहीर कुठे घ्यावी याचा अंदाज बांधता येतो. आश्रमातली मुलं हे सर्वेक्षण शेतकऱ्यांना सेवा म्हणून करून देत. शेतकरी पैसे देत असल्याने चुकलेल्या अंदाजाची तक्रार घेऊन तो परत येणार, हे मुलांना ठाऊक असे. असा परीक्षक व्हायवात भेटत नाही.

कृषीदूतांचा फोटो

पण हा विचार पाबळमध्ये पहिल्यांदा आला असं नाही. १९६९ साली, गांधीजन्मशताब्दीच्या वर्षी, राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली आणि कॉलेजची पोरं श्रमदानासाठी खेड्यात जाऊ लागली. त्याच वर्षी अकोल्याला कृषी विद्यापीठ झालं, पुढे डॉ. पंजाबराव देशमुखांच्या नावाने ओळखलं जाणारं. कृषी पदवीच्या शेवटच्या वर्षात ‘रावे’ नावाचा भाग असतो: विद्यार्थ्याने काही आठवडे गावात राहायचं, शेतकऱ्यांकडून शिकायचं आणि आपल्याला येतं ते त्यांना दाखवायचं.

वऱ्हाडातल्या वाचकांना हे वर्तमानपत्रातून माहीत आहे. जुलै-ऑगस्टमध्ये जिल्हा पानावर फोटो येतो: ‘कृषीकन्यांनी दिले बीजप्रक्रियेचे प्रात्यक्षिक’. मध्ये बादली, बाजूला पाच मुली, मागे सरपंच. या फोटोची चेष्टा करणं सोपं आहे. पण सोयाबीनच्या बियाण्याला बुरशीनाशक आणि रायझोबियम कोणत्या क्रमाने लावायचं, हे एखाद्या घरात पहिल्यांदा अशाच प्रात्यक्षिकातून कळलेलं असतं. अडचण पुढच्या वर्षी येते. नवी बॅच बहुधा नव्या गावात जाते. आधीच्या मुलींनी ज्या शेतात बीजप्रक्रिया करून दाखवली तिथे उगवण किती झाली, हे बघायला कुणी परत जातंच असं नाही.

आठ वर्षांची बॅटन

दुसरं टोक बघायचं तर पुण्याला जाऊ. सीओईपीच्या विद्यार्थ्यांनी २००८ च्या सुमारास उपग्रह बनवायला घेतला. त्याचं नाव ‘स्वयम्’. दहा सेंटिमीटरचा ठोकळा, वजन साधारण एक किलो. अवकाशात त्याने तोंड योग्य दिशेला ठेवावं म्हणून मोटर किंवा इंधन न वापरता आत चुंबक बसवले होते, ते पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राशी जुळवून घेतात. २२ जून २०१६ रोजी श्रीहरिकोटाहून पीएसएलव्ही-सी३४ ने एकूण वीस उपग्रह नेले, त्यात ‘स्वयम्’ होता.

बी.टेक. चार वर्षांचं असतं आणि उपग्रहाला लागली आठ वर्षं. म्हणजे ज्यांनी पहिली चित्रं काढली ते उड्डाणाच्या वेळी केव्हाच नोकरीला लागले होते आणि ज्यांनी शेवटचे स्क्रू आवळले ते सुरुवातीला शाळेत होते. सीनियरनी ज्युनियरला काम समजावून द्यायचं, लिहून ठेवायचं, चुकलेल्या चाचण्यांचीही नोंद ठेवायची, या शिस्तीशिवाय हे जमलं नसतं. शेतातल्या पाण्याचा प्रश्न उपग्रहापेक्षा सोपा नाही. त्यालाही आठ वर्षं लागू शकतात. मात्र तो आपण चार महिन्यांच्या सेमिस्टरमध्ये बसवायला जातो.

गणित नळाला लागतं तेव्हा

पवईच्या आयआयटीत १९८५ साली ‘सितारा’ हे केंद्र निघालं, ग्रामीण भागाला लागणाऱ्या तंत्रज्ञानासाठी. पुढे तिथे एम.टेक. सुरू झालं आणि त्यात विद्यार्थ्याने गावात जाऊन राहणं अभ्यासक्रमातच आलं. या कामात पुढे असलेले प्रा. मिलिंद सोहोनी मूळचे संगणकशास्त्राचे. केतन मुळमुले यांच्यासोबत त्यांनी संगणकशास्त्रातल्या एका अतिशय अवघड सैद्धांतिक प्रश्नावर काम केलं आहे. हेच सोहोनी विद्यार्थ्यांना घेऊन खेड्यातल्या नळाला पाणी का येत नाही, हे मोजत फिरले.

नळयोजनेचं गणित खरोखर गंमतीचं आहे. टाकीतून पाणी उताराने वाहतं. पाइप अरुंद घेतला तर खर्च वाचतो, पण शेवटच्या वाडीपर्यंत दाब उरत नाही. रुंद घेतला तर दाब राहतो, पण योजना महाग होते आणि मंजूरच होत नाही. वीस-तीस गावांच्या जाळ्यात प्रत्येक तुकड्याला कोणता व्यास द्यायचा, याच्या इतक्या जोड्या होतात की हाताने सगळ्या तपासणं अशक्य. आयआयटीत यासाठी ‘जलतंत्र’ नावाचं सॉफ्टवेअर तयार झालं. ते वेबवर खुलं ठेवलं गेलं आणि पाणीपुरवठ्याचं काम करणारे अभियंते ते वापरू लागले. संशोधनाला वापरणारा मिळाला तो असा.

२०१६ साली राज्य सरकारने ‘उन्नत महाराष्ट्र अभियान’ आणलं. कल्पना अशी की हे काम एकट्या आयआयटीने का करावं? जिल्ह्यातल्या इंजिनिअरिंग कॉलेजने आपल्याच जिल्ह्यातली नळयोजना, एसटीची वेळापत्रकं, बंधारे यांचा अभ्यास करावा आणि अहवाल जिल्हा प्रशासनाला द्यावा. अहवाल वाचणारा अधिकारी ठरलेला असला की विद्यार्थ्याला आकडा दोनदा तपासावा लागतो.

पूर्णेच्या काठचं पाणी

यानंतर ही गोष्ट बुलढाण्यात येते. तापीची उपनदी पूर्णा हिच्या दोन्ही अंगांना खारपाणपट्टा पसरला आहे. अमरावती, अकोला आणि बुलढाणा मिळून सुमारे पावणेपाच लाख हेक्टर. आपल्या जिल्ह्यात शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद हे तालुके त्यात येतात. विहिरीला पाणी लागतं, पण ते खारं. तेच पिकाला दिलं तर त्यातल्या सोडियममुळे काळी चिकणमाती आणखी घट्ट होते आणि निचरा थांबतो. म्हणून इथला शेतकरी पाणी पायाखाली असून कोरडवाहू आहे.

२०१८ पासून राबवलेल्या ‘पोकरा’ प्रकल्पात, म्हणजे नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात, राज्यातली ५,१४२ गावं घेतली गेली. त्यात खारपाणपट्ट्यातली गावंही होती. गावाचा पाण्याचा ताळेबंद मांडायची पद्धत आयआयटी मुंबईने दिली. पाऊस किती पडला, किती वाहून गेला, पिकाने किती घेतला, मातीत किती राहिला आणि भूगर्भात किती मुरला. जमाखर्चाच्या वहीसारखंच. ‘सितारा’च्या विद्यार्थ्यांनी वर्षानुवर्षं शेताच्या बांधावर केलेली मोजमापं या पद्धतीच्या पाठीशी आहेत.

ताळेबंद पाणी किती ते सांगतो. ते कसं आहे, हा वेगळा प्रश्न, आणि तो जानेवारी २०२५ मध्ये अचानक देशभर गाजला. शेगाव तालुक्यातल्या बोंडगाव, कालवड, हिंगणा आणि आसपासच्या गावांत लोकांचे केस मुठीने गळू लागले. काही दिवसांत टक्कल. पुरुष, बायका, लहान मुलं. संशय आधी पाण्यावर गेला आणि तपासणीत नायट्रेट जास्त निघालं. आयसीएमआरची पथकं आली. नंतर डॉ. हिम्मतराव बावसकर यांनी गव्हातल्या सेलेनियमकडे बोट दाखवलं. विंचूदंशावर प्राझोसिन हे औषध चालतं, हे महाडजवळच्या खेड्यात रुग्ण तपासता तपासता जगाला दाखवून देणारे हेच ते बावसकर. या काळात गावातल्या मुलींना बघायला येणारे थांबले, लोक डोकं झाकून फिरू लागले, हेही विसरायला नको.

अशा वेळी पहिला प्रश्न असतो: गेल्या वर्षी, पाच वर्षांपूर्वी हे पाणी कसं होतं? आज भरलेली बाटली फक्त आजचं सांगते. बदल कळायला तीच विहीर, तोच हातपंप, उन्हाळ्यात आणि पावसाळ्यानंतर, दरवर्षी तपासावा लागतो. ऑनलाइन मिळणारा स्वस्त टीडीएस मीटर इथे पुरत नाही. तो पाण्याची वीजवाहकता मोजून त्यावरून क्षारांचा एकूण अंदाज देतो. भारतीय मानकाप्रमाणे एकूण क्षार लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत असावेत, दुसरा स्रोतच नसेल तर २,००० पर्यंत चालतात. नायट्रेटची मर्यादा ४५ आहे आणि ते वेगळं तपासावं लागतं. फ्लोराइड वेगळं, सेलेनियम तर आणखी वेगळं. हे काम रसायनशास्त्राच्या बी.एस्सी.च्या प्रयोगशाळेत बऱ्यापैकी करता येतं, आणि सेलेनियमसारख्या गोष्टीसाठी नमुना मोठ्या प्रयोगशाळेत पाठवता येतो.

नव्या शैक्षणिक धोरणाने पदवीत फील्ड प्रोजेक्ट आणि समाजसंपर्काच्या कामाला क्रेडिट ठेवलं आहे. म्हणजे बुलढाण्यातल्या कला-विज्ञान कॉलेजच्या विद्यार्थ्यालाही आता गावात जावंच लागणार. तो दरवर्षी नवा विषय शोधू शकतो. किंवा एक कॉलेज दहा गावं दत्तक घेऊन त्यांच्या पन्नास विहिरींची एकच वही चालवू शकतं. पहिल्या बॅचच्या प्रोजेक्टला बक्षीस मिळणार नाही, कारण एका वर्षाच्या आकड्यांतून काहीच सिद्ध होत नाही. पाचव्या बॅचकडे मात्र तालुक्यात कुणाकडे नसेल असा आलेख असेल. आणि पुढच्या वेळी कुठल्या गावात काही विचित्र घडलं, तर बाहेरून येणारं पथक त्या कॉलेजची वही मागेल.