दूर्वा, लव्हाळा आणि नायलॉन : तळ्याकाठच्या जमिनीचा इतिहास

तंजावूरच्या परिसरात, कावेरीच्या त्रिभुज प्रदेशातील गावांत, तळ्याच्या बांधावर एक गवत न पेरता उगवते. तमिळमध्ये त्याला अरुगम्पुल म्हणतात. मराठी वाचक त्याला हरळी किंवा दूर्वा म्हणून ओळखतो, आणि दोन्ही भाषांच्या घरांत ते गणपतीला वाहिले जाते. वनस्पतिशास्त्रातील त्याचे नाव सायनोडॉन डॅक्टिलॉन. कृत्रिम हिरवळीच्या इतिहासाचा आरंभ या गवतापासून करणे उचित आहे. कारण ती हिरवळ जगप्रसिद्ध झाली ती याच गवताच्या एका संकरित जातीच्या मृत्यूमुळे.

अमेरिकेत ह्यूस्टन येथे १९६५ साली अ‍ॅस्ट्रोडोम हे संपूर्ण छपराखालचे बेसबॉलचे मैदान सुरू झाले. तेथे दूर्वेच्या संकरातून निर्माण केलेली ‘टिफवे ४१९’ ही जात लावली होती. छपराच्या पारदर्शक तावदानांतून येणाऱ्या प्रखर प्रकाशामुळे खेळाडूंना उंच उडालेला चेंडू दिसेना, म्हणून तावदाने रंगविण्यात आली. चेंडू दिसू लागला. पण सूर्यप्रकाशावाचून गवत मेले. १९६६ साली त्या जागी मोन्सँटो कंपनीने बनविलेली नायलॉनची हिरवळ अंथरली गेली आणि मैदानाच्या नावावरून तिला ‘अ‍ॅस्ट्रोटर्फ’ हे नाव मिळाले. तत्पूर्वी, १९६४ मध्ये, प्रॉव्हिडन्स येथील मोझेस ब्राउन शाळेच्या क्रीडागृहात ती बसविली गेली होती. या संशोधनाला फोर्ड प्रतिष्ठानाची चालना होती. शहरी मुलांना खेळायला मोकळी जमीन मिळत नाही, ही त्यामागची चिंता. म्हणजे ही वस्तू जन्मली ती दोन अभावांतून : एके ठिकाणी ऊन नव्हते, दुसरीकडे माती नव्हती.

भारताला तिची ओळख हॉकीने करून दिली. १९७६ च्या माँट्रियल ऑलिंपिकमध्ये हॉकी प्रथमच कृत्रिम पृष्ठभागावर खेळली गेली आणि तोवर सात सुवर्णपदके मिळविलेला भारत सातव्या क्रमांकावर घसरला. पुढे नायलॉनसोबत पॉलिप्रॉपिलीन व पॉलिएथिलीनचे धागे आले आणि ही हिरवळ पोहण्याच्या तलावांच्या कडेला, उपाहारगृहांच्या अंगणांत व समारंभांच्या जागी पोहोचली. तिचे गुण खरे आहेत. पाय चिखलात माखत नाहीत, गवताची कात्रणे पाण्यात पडत नाहीत, कापणी करावी लागत नाही.

कावेरीच्या मुखाकडील सपाट मुलखात मात्र ऊन आणि माती या दोहोंचीही वाण नाही. येथील गाळाची जमीन नदीनेच आणून टाकली. परंपरेने करिकाल चोळाच्या नावे सांगितला जाणारा कल्लणै बंधारा आणि त्याखालचे कालवे यांनी तो गाळ भातशेतीला जोडला. चोळ, नायक आणि १८५५ पर्यंत टिकलेले भोसल्यांचे मराठी राज्य, अशा राजवटी बदलत गेल्या, तरी गावाचे तळे गावाच्या मध्यवर्तीच राहिले. जेथे गर्दीचा भार मोठा, तेथे दगड वापरला गेला. कुंभकोणमच्या महामहम् तळ्याला चारी बाजूंनी पायऱ्या आणि काठावर सोळा मंडप आहेत. सामान्य गावतळ्याचा काठ मात्र मातीचा आणि गवताचा. दूर्वेची मुळे बांधाची माती धरून ठेवतात, आणि ईशान्य मोसमी पाऊस कोसळतो तेव्हा भोवतालची मोकळी जमीन पाणी जिरवते. ती जमीन कामाची असते, शोभेची नव्हे.

मग लोक बसत कशावर? आडि महिन्याच्या अठराव्या दिवशी नदीच्या भरल्या पाण्याचा सण साजरा करायला कुटुंबे काठावर जमतात आणि निरनिराळ्या प्रकारचा भात एकत्र खातात. तिरुवैयारू येथे त्यागराजांच्या समाधीपाशी दरवर्षी गायक-वादक कावेरीकाठी बसून पंचरत्न कृती गातात. अशा बसण्याउठण्यासाठी तमिळ मुलखाचे जुने आसन म्हणजे कोरै या लव्हाळ्याच्या जातीच्या वनस्पतीची चटई. ती अंथरायची, कार्य उरकले की गुंडाळायची. खालची जमीन पुन्हा आपल्या कामाला लागते. कृत्रिम हिरवळही गुंडाळीतूनच येते. परंतु ती अंथरण्यापूर्वी वरची माती खरवडून काढतात, खडी दाबून बसवितात, वर कापडी थर देऊन जोड चिकटवितात आणि धाग्यांत वाळू भरतात. ती पुन्हा गुंडाळण्यासाठी अंथरलेलीच नसते.

हा फरक तापमानात स्पष्ट दिसतो. जिवंत गवत पानांतून पाण्याची वाफ सोडते, आणि एक लिटर पाण्याची वाफ होताना सुमारे २४ लाख ज्यूल उष्णता खर्ची पडते. प्लॅस्टिकच्या पात्याला ही सोय नाही. अमेरिकेतील ब्रिगहॅम यंग विद्यापीठात २००२ साली झालेल्या मोजणीत, हवेचे तापमान सुमारे ३७ अंश सेल्सिअस असताना कृत्रिम मैदानाचा पृष्ठभाग ९३ अंशांपर्यंत तापल्याची नोंद आहे. पाणी मारल्यावर ७९ अंशांचा पृष्ठभाग २९ अंशांवर आला. पण पाच मिनिटांत तो ४९ अंशांवर आणि वीस मिनिटांत ७३ अंशांवर पोहोचला. तंजावूरच्या मे महिन्यात तळ्याकाठी अनवाणी येणाऱ्या माणसासाठी हे आकडे कोरडे नाहीत.

दुसरा प्रश्न पाण्याचा. उन्हाने ठिसूळ झालेले धागे तुटतात. त्यांचे पाच मिलिमीटरहून लहान तुकडे म्हणजे सूक्ष्म प्लॅस्टिक. युरोपीय संघाने २०२३ साली, क्रीडामैदानांत भरावासाठी वापरल्या जाणाऱ्या प्लॅस्टिक व रबराच्या कणांची विक्री २०३१ पासून बंद करण्याचा नियम केला. तलावाकाठी भराव बहुधा वाळूचाच असतो, त्यामुळे तो धोका तेथे कमी; धाग्यांची झीज मात्र टळत नाही. आणि त्रिभुज प्रदेशात तळे, कालवा आणि भातखाचर एकमेकांपासून दूर नसतात. २०२० साली तमिळनाडूने याच प्रदेशाला कायद्याने संरक्षित कृषिक्षेत्र ठरविले.

काँक्रीटच्या गच्चीवर किंवा बंदिस्त दालनात, जेथे गवत जगूच शकत नाही, तेथे कृत्रिम हिरवळ आपल्या मूळ कामावर असते. गावतळ्याच्या काठी ती अंथरायची झाल्यास तिच्याखाली जी गाडली जाईल ती दूर्वाच असेल. ह्यूस्टनच्या गवताला जे ऊन मिळाले नाही, ते येथे तिला भरपूर मिळत असताना.