वजनाचा आकडा आणि वजनाची दिशा

एक वर्ष वयाची दोन बालके डोळ्यांसमोर आणावीत. एकाचे वजन ९ किलो, दुसऱ्याचे ८ किलो. पहिले अधिक सुदृढ, असे कोणीही म्हणेल. परंतु पहिल्याचे वजन तीन महिने जागचे हललेले नाही आणि दुसऱ्याचे दरमहा वाढते आहे, असे कळले तर? तातडीने लक्ष कोणाकडे द्यावे, याचे उत्तर बदलते. वजनाचा एक आकडा भूतकाळाविषयी सांगतो. वजनाचा बदलता दर पुढे येऊ घातलेल्या संकटाची सूचना देतो.

हे तत्त्व खेड्यापर्यंत नेण्याचे श्रेय मुख्यतः ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ डेव्हिड मॉर्ले यांना जाते. १९५० च्या दशकात पश्चिम नायजेरियातील इमेसी या खेड्यात त्यांनी बालकांच्या वाढीचा सोपा आलेख वापरात आणला. तो दवाखान्याच्या कपाटात न ठेवता आईच्या हाती देण्यात आला, हे त्याचे वैशिष्ट्य.

भारतात २ ऑक्टोबर १९७५ रोजी ३३ प्रकल्पांतून एकात्मिक बाल विकास सेवा योजना सुरू झाली आणि अंगणवाडी जन्माला आली. १९८० साली तमिळनाडूने जागतिक बँकेच्या कर्जसाहाय्याने एकात्मिक पोषण प्रकल्प हाती घेतला आणि त्यात वाढीचा आलेख केंद्रस्थानी आणला. ६ ते ३६ महिने वयाच्या बालकांचे दरमहा वजन होई. ज्यांची वाढ मंदावली असेल, त्यांनाच सुमारे ९० दिवस पूरक आहाराचे लाडू दिले जात. वाढ पूर्ववत झाली की आहार थांबे. आईशी होणारा संवाद मात्र थांबत नसे. पोषण सेविका त्याच गावातील असे. स्वतः गरीब असूनही जिचे मूल सुदृढ आहे, अशा स्त्रीला निवडीत प्राधान्य होते, कारण तिचा सल्ला शेजारणीला अशक्यप्राय वाटत नसे.

प्रकल्पक्षेत्रात तीव्र कुपोषण लक्षणीयरीत्या घटले. मध्यम कुपोषण मात्र तितके हटले नाही. मर्यादा पद्धतीतच होती: वाढ मंदावेपर्यंत आहार मिळत नसे, आणि जन्मतःच कमी वजन असलेल्या बालकाची कहाणी तर गर्भारपणातच सुरू झालेली असते.

पुढे वाढीवर देखरेख ठेवणे देशभरातील अंगणवाड्यांचे नित्यकर्म झाले. २०२१ पासून या नोंदी ‘पोषण ट्रॅकर’ या मोबाइल ॲपवर होऊ लागल्या. साधन बदलले, तरी तमिळनाडूचा धडा जुना झालेला नाही. मोजमाप हा उपचार नव्हे. रेषा सपाट झाल्याचे त्याच दिवशी आईला समजले, आणि त्यानंतर घरात व अंगणवाडीत काही बदलले, तरच त्या आलेखाला अर्थ आहे. अन्यथा वही भरते, पोट नाही.