वाटाण्याचं रोप आणि आपला पहिला सिनेमा

पिंपळनेरहून बोलतोय. डोक्यात आयडिया तर आहे, पण भांडवल नाही, सामान नाही, घरचे हसतात, असं म्हणणारे आपल्यात पुष्कळ. त्यांच्यासाठी आज एक जुनी गोष्ट.

फोनच्या कॅमेऱ्यात टाइमलॅप्स असतो ना? बटण दाबलं की कळी झरझर फुलताना दिसते. हेच काम 1912 साली मुंबईत एका माणसानं हातानं केलं. शेजारच्या नाशिक जिल्ह्यातला, त्र्यंबकेश्वरचा धुंडिराज गोविंद फाळके. आपले दादासाहेब.

आदल्या वर्षी त्यांनी गिरगावात ख्रिस्ताच्या जीवनावरचा सिनेमा पाहिला होता. आपल्या देवादिकांची चित्रं अशी पडद्यावर का हलू नयेत, या विचारानं त्यांची झोपच उडवली. वय चाळिशीपार, छपाईचा धंदा सुटलेला. विम्याची पॉलिसी गहाण टाकून लंडन गाठलं आणि तिथून विल्यमसन कॅमेरा आणला. पण अख्खा सिनेमा काढायचा तर पैसे हवेत, आणि कधी न पाहिलेल्या गोष्टीवर कर्ज देणार कोण?

मग त्यांनी काय केलं? कुंडीत वाटाणे पेरले!

कुंडीसमोर कॅमेरा मांडला आणि एकेक फ्रेम टिपत राहिले. असं महिनाभराहून जास्त. तयार झाली मिनिटभराची फिल्म, 'अंकुराची वाढ'. तेव्हा सेकंदाला साधारण 16 फ्रेम चालायच्या, म्हणजे एका मिनिटासाठी हजाराच्या आसपास. मोड फुटतो, कोंब वर येतो, वेल आधार शोधतो. ती फिल्म पाहून फोटोचं सामान विकणारे यशवंतराव नाडकर्णी कर्ज द्यायला तयार झाले. पुढं सरस्वतीबाईंचे दागिनेही गहाण पडले, तो भाग गमतीचा नाही. रात्री अंधारात फिल्म धुवायलाही त्याच असायच्या. 3 मे 1913 ला 'राजा हरिश्चंद्र' लोकांसमोर आला.

मला विचाराल तर नुसतं सावकाराला पटवण्यापुरतं ते रोप नव्हतं. नवा कॅमेरा हाताला बसला तो त्याच महिन्यात. उजेड किती, हँडल किती फिरवायचं, सगळं चुकलं असतं तरी नुकसान मूठभर वाटाण्यांचं आणि थोड्या फिल्मचं. आणि हा माणूस मुळातच खेळकर. आडनाव उलटं करून 'प्रोफेसर केळफा' या नावानं जादूचे प्रयोग करायचा! नाव झाल्यावरही काड्यापेटीतल्या काड्या नाचवून त्यानं 'आगकाड्यांची मौज' काढली.

आता म्हणाल, ती जुनी गोष्ट, तेही मुंबईची. मग पिंपळनेरहून सटाण्यामार्गे मालेगावला जाऊन या. तिथं यंत्रमागाच्या खडखडाटात नासिर शेख व्हिडिओ पार्लर चालवायचे. तिथल्या फिल्मांची कापाकापी, जोडाजोडी करता करता एडिटिंग शिकले. मग दोस्तमंडळी जमवून 2000 च्या सुमारास 'मालेगाव के शोले' काढला. ट्रॉली नाही? सायकल आहे. क्रेन नाही? बैलगाडीला कॅमेरा बांधा. आणि गब्बरच्या टोळीला घोडे कुठून आणायचे? टोळी आली सायकलवर. मालेगावची पब्लिक तिकीट काढून खदखदून हसली.