बायपोलर आजार असताना नर्सिंग करता येते का?

हो, करता येते. आजार आटोक्यात असेल आणि औषधे नियमित असतील, तर निदान झाले म्हणून नर्सिंग सोडण्याची गरज नसते. नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाचा बी.एस्सी. नर्सिंग अभ्यासक्रम चार वर्षांचा आहे. या काळात अभ्यासाइतकीच झोपही सांभाळावी लागते.

रात्रपाळी
झोप मोडली की उन्मादाचा झटका येऊ शकतो. सतत बदलणाऱ्या पाळ्यांपेक्षा एकच ठरावीक पाळी बरी. मनोविकारतज्ज्ञांचे पत्र जोडून तशी विनंती करा. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात मानसिक आजारामुळे येणारे अपंगत्वही धरले आहे. त्यानुसार सरकारी नोकरीत वाजवी सोयी मागता येतात.

लिथियम घेत असाल तर
वॉर्डातल्या धावपळीत पाणी प्यायचे राहते. शरीरातले पाणी कमी झाले की रक्तातले लिथियम वाढते. आयब्युप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्यांनीही ते वाढते, म्हणून त्या स्वतःच्या मनाने घेऊ नका. उलट्या, जुलाब, हातांची वाढलेली थरथर किंवा तोल जाणे दिसल्यास लगेच डॉक्टरांना गाठा. लिथियमची तपासणी शेवटच्या डोसनंतर १२ तासांनी करतात. पाळीमुळे डोसची वेळ बदलली असेल, तर ते सांगा.

घरच्यांनी काय पाहावे?
तीन-चार तास झोपूनही थकवा नाही, बोलणे भरभर, खर्च अचानक वाढलेला, असे दिसले की थांबू नका. डॉक्टरांना फोन करा. अशा दिवशी ड्युटी नको, कारण औषधाच्या मात्रेतली चूक रुग्णाला भोवते. मरणाचे विचार येत असतील, तर टेलि-मानसच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर कधीही बोला.