'वेल्टलिटराटूर' : एका जर्मन सामासिक शब्दाची पूर्वपीठिका

तौलनिक साहित्याभ्यासात 'विश्वसाहित्य' ही संकल्पना गटेच्या नावाशी जोडण्याची प्रथा आहे. ३१ जानेवारी १८२७ रोजी वायमार येथे एका चिनी कादंबरीच्या निमित्ताने एकरमानशी बोलताना त्याने 'वेल्टलिटराटूर'चे युग आता अवतरत आहे, असे प्रतिपादन केले. हे संभाषण १८३६ मध्ये, म्हणजे गटेच्या मृत्यूनंतर, प्रसिद्ध झाले. गटेने या शब्दाला प्रतिष्ठा दिली, यात शंका नाही. तथापि तो त्यानेच घडविला, हे मत आता टिकत नाही.

वायमारचाच लेखक वीलांड याने होरेसच्या पद्यपत्रांच्या आपल्या अनुवादावर हस्ताक्षरात केलेल्या दुरुस्त्यांत हा शब्द आढळतो, हे १९८७ मध्ये निदर्शनास आले. वीलांडचा मृत्यू १८१३ चा. पुढे २००८ मध्ये वोल्फगांग शामोनी यांनी हा उगम आणखी मागे नेला. ग्योटिंगेनचा इतिहासकार श्ल्यॉत्सर याने १७७३ मध्ये आइसलंडच्या साहित्येतिहासावरील ग्रंथात हा शब्द योजला होता.

येथे केवळ अग्रक्रमाचा वाद नाही. समास एकच, पण त्याचा विग्रह तिघांनी निरनिराळा केला. वीलांडच्या लेखी 'वेल्ट' म्हणजे सुसंस्कृत उच्चभ्रू समाज. त्या समाजातील रोमन गृहस्थाला शोभेल असा वाङ्मयव्यासंग त्याला अभिप्रेत आहे. गटेचा रोख राष्ट्राराष्ट्रांतील लेखकांच्या परस्पर देवाणघेवाणीवर आहे. फोर्स्टरच्या जर्मन अनुवादातून १७९१ मध्येच 'शाकुंतल' वाचून भारावलेल्या कवीला ते साजेसेच होते. मात्र ग्रीकांचा आदर्श त्याने तेव्हाही सोडला नाही. श्ल्यॉत्सरची दृष्टी इतिहासकाराची होती. स्वीडन व रशियात राहिलेल्या या अभ्यासकाने मध्ययुगीन आइसलंडी वाङ्मयाला आयरिश, रशियन, बायझंटाइन, हिब्रू, अरबी आणि चिनी वाङ्मयांच्या पंक्तीस बसविले. उत्तरेबाहेर ज्याची फारशी वार्ता नव्हती, अशा एका लहान भाषेच्या कैवारासाठी हा शब्द छापला गेला, ही बाब विशेष लक्षणीय होय. अभिजाततेचा निकष तेथे नाही.

१८४८ च्या कम्युनिस्ट जाहीरनाम्यात हाच शब्द जागतिक बाजारपेठेच्या विवेचनात येतो. रवींद्रनाथांनी १९०७ मध्ये 'विश्वसाहित्य' या शीर्षकाखाली मांडणी केली, तेव्हा बंगालीत त्याचा विग्रह पुन्हा नव्याने झाला.