सोलापूरचा विणकर कशाने टिकला?

सोलापूर म्हणजे गिरण्यांचे गाव, ही ओळख आपल्या इतकी अंगवळणी पडली आहे की गिरणीच्या आधी येथे हातमाग होता आणि गिरण्या गेल्यावरही माग राहिला, याचे नवल कोणास वाटत नाही. भोवती कापूस होता, 1860 साली आगगाडी आली, 1877 साली मोरारजी गोकुळदासांची गिरणी सुरू झाली. प्रश्न उरला तो माणसांचा.

साधे हात 1876 ते 78 च्या दुष्काळाने आणून दिले. पण कुणबी गिरणीत आला तरी पाऊस पडताच त्याचे लक्ष रानाकडे जाई. बोटांत पिढ्यांचे कसब असलेला पद्मशाली मात्र निजामाच्या राज्यातून, करीमनगर-वारंगळकडून आला. हातमागाचे कारखानदार त्याला गाडीभाडे देत, उचल देत, मागाशेजारीच निजावयास जागा देत. लग्नकार्य निघाले की पुन्हा उचल. ती फिटेपर्यंत दुसऱ्याच्या मागावर बसणे अवघड होई. आदरातिथ्य आणि दावे, दोन्ही एकाच हाताने दिलेली होती!

माणसे राखण्याचा आणखी एक मार्ग या गावाने पाहिला आहे, आणि तो आपण सहसा बोलत नाही. ज्या जमातींना इंग्रजांच्या कायद्याने जन्मतःच गुन्हेगार ठरविले, त्यांना येथे तारेच्या कुंपणात वसविले होते. हजेरी देऊन माणसे गिरणीत कामास जात. तो कायदा देशभर 1952 साली रद्द झाला. ‘सेटलमेंट’ हे नाव मात्र सोलापुरातील पत्त्यांवर आजही लिहिले जाते.

विणकर केवळ उचलीने बांधला गेला असता, तर कर्ज फिटताच गावी परतला असता. माझ्या मते त्याला धरून ठेवले ते पूर्व भागाने. तेथे त्याची तेलुगू बोली चाले, मुलांना तेलुगू शाळा मिळाली, मार्कंडेयाचे देऊळ उभे राहिले आणि नारळी पौर्णिमेला त्याचा रथ निघू लागला. शिवाय घरातील कोणाचेच हात रिकामे नव्हते. पुरुष लुगडे विणी, मुले कांड्या भरीत, बाई विडी वळी. सूत महागून माग थांबला, तरी विडीवर चूल पेटे. गिरणीच्या पगारपत्रकात या बाईचा हिशेब कधी दिसला नाही. पण तिच्यावाचून विणकर येथे टिकलाच नसता.

1949 च्या ऑगस्टात जुनी गिरणी बंद पडली. 1950 च्या जानेवारीत सरकारने वटहुकूम काढून ती ताब्यात घेतली, तो वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. पुढे एकेक करून गिरण्या मिटल्या. चादरीचा माग मात्र विजेवर चालू लागला आणि गावाचे नाव त्यानेच राखले.

आता शिकलेला मुलगा मागावर बसत नाही. पुणे, हैदराबाद गाठतो. त्याला दोष कोण देणार? यंत्रमागाच्या खडखडाटात बाराबारा तास काढलेला बापच त्याला जा म्हणतो.

कुंभारीला विडी कामगार स्त्रियांसाठी गोदूताई परुळेकरांच्या नावाने दहा हजार घरांची वसाहत झाली. 2006 साली ती घरे वाटली गेली. 2024 च्या जानेवारीत रायनगरची पंधरा हजार घरे वाटली. ही घरे कोणा मालकाने कारागीर राखण्यासाठी बांधून दिलेली नाहीत. मोर्चे काढून, वर्षानुवर्षे खेटे घालून या बायकांनीच ती मिळविली.