धोट्याचं सूत आणि चीवराचं सूत

एकत्र विणकाम केलं की शेजारी जवळ येतात, असं म्हणतात. आम्ही विचारतो, माग सगळ्यांना खुला होता का?

मुंबईच्या कापड गिरण्यांत एकाच भोंग्यावर सगळे कामगार कामाला जात. पण साचाखात्यात, म्हणजे विणकामाच्या खात्यात, अस्पृश्यांना प्रवेश नव्हता. कारण काय? धोट्यातली कांडी संपली की नव्या कांडीचं सूत धोट्याच्या छिद्रातून तोंडाने ओढून घ्यावं लागे. अस्पृश्याचं तोंड लागलेला धोटा आम्ही तोंडाला लावणार नाही, ही सवर्ण कामगारांची भूमिका होती. पगार जास्त होता तो याच खात्यात. म्हणजे विटाळाची किंमत दरमहा आपल्या बापजाद्यांच्या खिशातून वसूल होत होती.

१९२८ चा गिरणी संप सहा महिने चालला. कामगार एकजुटीच्या घोषणा जोरात होत्या. पण साचाखातं अस्पृश्यांना खुलं करा, ही मागणी पुढे रेटायला बाबासाहेबच लागले. पुढे फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाडच्या अस्पृश्य रेल्वे कामगार परिषदेत त्यांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू सांगितले, त्यामागे हाच अनुभव होता.

आता दुसरं चित्र पाहा. बांगलादेशातल्या रांगामाटीच्या राजवन विहारात दरवर्षी वर्षावासानंतर कठीण चीवरदान होतं. चकमा बाया कापसापासून सूत काततात, ते रंगवतात, रात्रभर माग चालवतात. कापड विणून, चीवर शिवून चोवीस तासांच्या आत भिक्खूसंघाला दान देतात. या कामाचं मूळ विनयात आहे. कठीण चीवर त्याच दिवशी पुरं व्हावं असा नियम आहे, आणि एका दिवसात ते एकट्याच्या हातून होणं अवघड. नियमच माणसांना एकत्र बसवतो. काप्ताई धरणाने १९६० च्या दशकात याच चकमांची हजारो घरं आणि शेतं बुडवली. तरी हा समाज मागाभोवती पुन्हा जमतो.

दोन्हीकडे सूतच. मग फरक कशाचा? गिरणीत सूत जातीच्या नियमाने चाललं, विहारात संघाच्या नियमाने. माग आपोआप कुणाला जोडत नाही. त्याच्याभोवती बसायचा हक्क कोणाला, यावर सगळं ठरतं. बाबासाहेबांनी गुरू मानलेला कबीर स्वतः विणकर होता, आणि विणकरांच्या घरात वाढूनही तो जातीच्या धाग्यात अडकला नाही.

आपणही वर्षावासानंतर चीवरदान करतो. बहुतेक ठिकाणी चीवर बाजारातून विकत येतं, फोटो निघतात, कार्यक्रम संपतो. त्या दिवशी वस्तीतले मातंग, चर्मकार, भटके शेजारी आपल्या विहारात असतात का? लग्न जुळवताना आपण जुनी पोटजात विचारायचं सोडलं का? साचाखात्याचं दार बंद ठेवणाऱ्यांना जाब विचारायचा, तर आपल्या विहाराचं दारही तपासलं पाहिजे.

यंदा चीवर एकत्र बसून शिवू या. सुई शेजाऱ्याच्याही हातात देऊ या.

जय भीम!